ओहोटीच्या वेळी नरारा

बडोद्याच्या अनेक जुन्या मराठी देवघरांत शाळिग्रामाशेजारी एक पांढरट दगड असतो. त्यावर चक्र असते. मध्यापासून कडेपर्यंत बारीक आरे गेलेले, जणू कोणी सुईने बसून कोरले असावेत असे. द्वारकेहून आणलेली ही चक्रांकित शिला शाळिग्रामाबरोबर पुजली जाते आणि दोहोंच्या एकत्र तीर्थाचे माहात्म्य वडील मंडळी सांगत आलेली आहेत. शाळिग्राम हिमालयातील गंडकीच्या पात्रातला. त्याच्या पोटातील वळणे कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या एका सागरी प्राण्याच्या शंखाची. द्वारकेची शिला त्या मानाने कालपरवाची म्हणावी लागेल. तिच्यावरचे चक्र म्हणजे प्रवाळाच्या एका इवल्या जिवाचे घर होय, आणि त्या घरातील चुन्याचे उभे पडदे म्हणजे चक्राचे आरे.

अशा रीतीने प्रवाळ आमच्या घरात तीन पिढ्या नांदत होता. तो जिवंत पाहण्याचा योग गेल्या माघात आला. निमित्त मावशींच्या द्वारकायात्रेचे. मावशी सत्तरीच्या पुढच्या, पण पायाने खणखणीत. सोबत आम्ही उभयता आणि आमचे मेव्हणे अप्पा. अप्पांनी सारी हयात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविण्यात घालविली. निवृत्तीनंतरही एक लहान सूक्ष्मदर्शक यंत्र त्यांच्या सामानात चष्म्याच्या घरासारखे कायम असते. देवदर्शन झाले की परतीच्या वाटेवर कच्छच्या आखातातील नरारा येथे एक सकाळ घालवायची, ही अट त्यांनी सौराष्ट्र मेलची तिकिटे काढतानाच घातली होती.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. प्रवाळ म्हटले की डोळ्यांसमोर अंगठीतले तांबडे पोवळे येते. ते पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, निराळ्या कुळातले. ते खडक बांधीत नाही. आम्ही पाहिले ते दगडी प्रवाळ. त्यांना बाजारात मोल नाही, आणि कायद्यानेही ती विकता येत नाहीत. परंतु समुद्रात वस्ती उभी करण्याची करामत त्यांचीच.

द्वारकेस पहाटे गोमतीघाटावर स्नानाची गर्दी होती. गोमती म्हणजे समुद्राचीच जीभ. भरतीला खारे पाणी पायऱ्या चढून येते. मावशींनी तांब्या भरून घेतला. अप्पांनीही तेथेच आपला उद्योग मांडला. बारीक रेशमी जाळीची एक निमुळती पिशवी, तोंडाशी कडे, तळाशी बाटली. तीतून ते कळशीमागून कळशी पाणी ओतीत होते. शेजारच्या पंड्यास हा कोणता विधी, असा प्रश्न पडला असावा. परंतु यात्रेकरूच्या श्रद्धेत आपण कशाला पडा, अशा मुद्रेने तो पाहत राहिला. पंचवीसेक कळशा गाळून झाल्यावर बाटलीच्या तळाशी जेमतेम चमचाभर गढूळ पाणी उरले. धर्मशाळेतील खोलीच्या खिडकीशी यंत्र लावून अप्पांनी त्यातला एक थेंब काचेवर ठेवला आणि पहिला मान मावशींना दिला.

त्या थेंबात काय नव्हते? काचेच्या डब्यांसारखी करंडके एकमेकींना साखळीने जोडलेली होती. प्रत्येक करंडक म्हणजे एकाच पेशीची वनस्पती. तिचे कवच वाळूतल्या सिकतेचे, एकावर एक बसणाऱ्या दोन झाकणांचे. पितळेच्या कुंकवाच्या करंड्यासारखी रचना, म्हणून मराठीत हे नाव पडले, ते अगदी समर्पक आहे. त्यांच्यामधून वल्ह्यासारख्या पायांनी झटके देत अरित्रपाद धावत होते. हे खेकड्या-झिंग्यांचे अतिसूक्ष्म भाऊबंद. एकीच्या पोटाशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या. मध्येच एक पारदर्शक बाणकृमी सरळ रेषेसारखा पडलेला दिसला. आणि एक विचित्र प्राणी होता: डोके मोठे, डोळे त्याहून मोठे, डोक्यावर लांब शिंग.

"हा कोण रे राक्षस?" मावशींनी विचारले.

"खेकड्याचे बाळ आहे, मावशी," अप्पा म्हणाले.

यावर मावशींचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील पंडितही या शिंगाळ्या प्राण्याला स्वतंत्र जात मानून त्यास झोइया म्हणत असत. आयर्लंडमध्ये नेमणुकीस असलेल्या जॉन व्हॉन टॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने समुद्रातून बारीक जाळे ओढून हे जीव पकडले, भांड्यात वाढविले, आणि त्यांचे खेकडे होतात हे दाखवून दिले. आणखी अर्ध्या शतकाने, १८८७ साली, व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या सर्व सूक्ष्म प्रजेला प्लँक्टन हे नाव दिले. मराठीत आपण प्लवक म्हणतो. वनस्पती असतील ते वनस्पतिप्लवक, प्राणी असतील ते प्राणिप्लवक. पोहून प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नाही, एवढेच या सगळ्यांमधले साम्य. काही जन्मभर वाहतात. काही, या खेकड्याच्या बाळाप्रमाणे, केवळ बाळपणी. पृथ्वीवर हिरवी पाने आणि शैवले मिळून सूर्यप्रकाशापासून जेवढे अन्न तयार करतात, त्यातील सुमारे अर्धे या तरंगत्या वनस्पतींचे असते, हे अप्पांनी सांगितले तेव्हा मावशी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे तीर्थ म्हणून आम्ही हेच प्यायलो की काय?"

"पळीभर तीर्थात कितीसे येणार?" अप्पांनी त्यांचे समाधान केले. तांब्या झाकून पिशवीत गेला, हे सांगणे नलगे.

गोमतीच्या या थेंबावर आम्ही एवढे रेंगाळलो त्याला कारण आहे. नराऱ्याचे प्रवाळ ज्यावर जगते, त्या अन्नाची तोंडओळख येथे झाली. ती नसती तर दुसऱ्या दिवशी जे पाहिले ते रंगीत दगड म्हणूनच डोळ्यांपुढून गेले असते.

खंभाळियास मुक्काम करून पहाटेच निघालो. दिवस मोजून निवडलेला होता: पौर्णिमा होऊन दोन तिथी झालेल्या. किनाऱ्यावरची माणसे ज्याला उधाण म्हणतात, त्या भरती-ओहोटीला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी धड वरही नाही, खालीही नाही. भांगाला जाणाऱ्याच्या पदरी चिखल पडतो. पंचांग केवळ मुहूर्तासाठी असते असे समजणाऱ्यांनी एकदा समुद्राच्या काठी राहून पाहावे.

वाडिनारकडे वळणाऱ्या रस्त्यावर अंधारात तेलशुद्धीकरण कारखान्यांचे दिवे आणि ज्वाळा दिसत होत्या. या किनाऱ्यावर परदेशी कच्चे तेल उतरते, खोल पाण्यातील तरंगत्या धक्क्यावरून नळांनी जमिनीवर येते. वाडिनारपासून उत्तर हिंदुस्थानात तेल नेणारी वाहिनी १९७८ पासून चालू आहे. त्या ज्वाळा मागे टाकल्यावर अर्ध्या तासाच्या आत आपण सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उभे असतो, हा शेजार मनाला चमत्कारिक वाटतो. हे उद्यान भारतातील पहिले. १९८० साली सुमारे ४५८ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि १९८२ साली त्यातील सुमारे १६३ चौरस किलोमीटरांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आखाताच्या दक्षिण काठाची बेचाळीस बेटे या क्षेत्रात येतात. पिरोटन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध, पण तेथे होडीनेच जाता येते. नरारा जमिनीला लागून असल्याने पायी जाता येते.

वाटाड्या तरुण होता, जवळच्याच गावचा. त्याने आमच्या पायांतील बुटांचे तळवे तपासले, आणि मावशींना काठावरच्या सावलीत बसण्याचा आग्रह केला. मावशींनी तो मानला नाही. "बरं, माशी," तो म्हणाला, "पण पाणी वळे ए पहेलां आपणे वळी जवुं." पाणी वळण्यापूर्वी आपण वळायचे. त्या सकाळचा सर्व व्यवहार याच एका वाक्याच्या धाकात चालला होता.

आरंभी तिवरांचे बन लागते. गुजरातीत त्यांस चेर म्हणतात. चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोके वर आलेली असतात, ती या झाडांची श्वास घेणारी मुळे. ही झाडे पाने गाळतात, पाने कुजतात, त्यांवर जिवाणू पोसतात, जिवाणूंवर प्राणिप्लवक पोसतात. शिवाय मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो. या दुसऱ्या कामगिरीचे मोल पुढे कळले. कच्छच्या काठचे खाराई उंट तिवरांच्या बेटांकडे पोहत चरायला जातात, हे आम्ही ऐकून होतो. येथे उंट दिसले नाहीत, बगळे मात्र पुष्कळ.

बन संपले आणि समोर एक विस्तीर्ण, ओला, करड्या रंगाचा खडक पसरलेला दिसला. रात्री ज्यावर दोन पुरुष पाणी होते, तेथे आता घोट्याएवढे. पहिली काही मिनिटे निराशेची होती, हे नमूद केले पाहिजे. निळे पाणी, त्यात इंद्रधनुष्यी बगीचा, अशी जी चित्रे आपण पाहिलेली असतात, तसे येथे काही नाही. पाणी चहासारखे गढूळ. पायाखाली मेलेल्या प्रवाळाचा खडबडीत दगड, त्यावर शेवाळ. वाटाड्या एका डबक्याशी थांबला, वाकला आणि बोटाने दाखवू लागला. डोळा तयार व्हावयास थोडा वेळ लागतो. मग दिसू लागले.

प्रथम दिसले ते मेंदूसारख्या नागमोडी वळ्यांचे हिरवट गोळे. मग मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. एका डबक्यात तपकिरी फुलांचा ताटवा पाण्याच्या हालचालीबरोबर डुलत होता. सावली पडताच ती फुले मिटली. हे गोनिओपोरा. बहुतेक प्रवाळ रात्री उमलते. हे दिवसाही हात पसरून असते. अप्पांनी भिंगातून मोजावयास सांगितले: प्रत्येक फुलास चोवीस पाकळ्या. त्या पाकळ्या म्हणजे पॉलिप नावाच्या प्राण्याची शुंडके, आणि खाली ज्याचे चक्र उमटते ते त्याचे घर. अशा हजारो बिऱ्हाडांची मिळून एक वसाहत होते, सगळी बिऱ्हाडे एका कातडीने जोडलेली. मोठे गोळे वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, पुष्कळदा तेवढेही नाहीत. आमच्या गुडघ्याएवढा उंच एक गोळा तेथे होता. आमच्या लग्नाच्या वेळी तो असेलच, असे आम्ही आपसांत ठरविले.

काही गोळे पाण्याच्या वर उघडे पडले होते आणि उन्हात चकाकत होते. अंगावर बुळबुळीत स्राव पांघरून ते ओहोटीचे तास काढतात. भरती आली की तो स्राव धुऊन जातो, आणि त्यावरही जिवाणू व प्लवक पोसतात. वाया असे येथे काही जातच नाही.

आता मुख्य कोड्याकडे येऊ. प्रवाळ कोठे वाढते, याचे उत्तर सर्व पुस्तकांत एकसारखे सापडते: पाणी उबदार हवे, नितळ हवे, फार खारट नको, आणि त्यात फार चढउतार नकोत. कच्छचे आखात कर्कवृत्ताच्या थोडेसेच खाली आहे. हिवाळ्यात येथील पाणी पंधरा अंशांच्या आसपास उतरते, उन्हाळ्यात तीसवर जाते. नद्या थोड्या, बाष्पीभवन फार, त्यामुळे आत जावे तसे पाणी अधिक खारट होते. नदीमुखांच्या नेहमीच्या रीतीच्या अगदी उलट. गाळ तर इतका की त्यात सिंधूच्या मुखाकडून आलेली मातीदेखील आहे. पुस्तकाच्या न्यायाने येथे प्रवाळ असू नये. प्रत्यक्षात १९८८ साली पिल्लै आणि पटेल या शास्त्रज्ञांनी येथून दगडी प्रवाळाच्या ३७ जाती नोंदविल्या, आणि पुढे त्यांत भर पडत गेली.

याचे उत्तर बरेचसे भरतीत आहे. आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. त्यामुळे तोंडाशी ओख्यास उधाणाचा चढउतार साडेतीन मीटरांच्या आसपास, तर आत नवलखीस तो सात मीटरांच्या वर जातो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. ते गाळ ढवळते खरे, पण प्रवाळावर बसलेला गाळ धुऊनही नेते. आणि प्रत्येक वेळी समुद्रातून प्लवकांची नवी पंगत घेऊन येते.

प्रवाळाला या पंगतीची गरज काय, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रवाळाच्या पेशींत एक सूक्ष्म एकपेशी शैवल राहते. ते सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकास भाडे म्हणून देते. मालक त्यास आसरा आणि खत पुरवितो. नितळ समुद्रात प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज अशी घरबसल्या भागते. तेथील पाणी निळे दिसते तेच मुळी त्यात प्लवक थोडे म्हणून. लक्षद्वीपचे प्रवाळ हे असे शेतीवर जगणारे. कच्छचे पाणी गढूळ. सूर्य खाली पोचतो तो मंद होऊन. शेतीचे उत्पन्न घटले की कुटुंब जोडधंदा पाहते, तसे येथील प्रवाळ शिकारीवर अधिक भिस्त ठेवते. दिवस मावळला की प्राणिप्लवक तळातून वर येऊ लागतात, आणि त्याच सुमारास पॉलिप शुंडके पसरतात. शुंडकांवर दंशपेशी असतात. एखादा अरित्रपाद त्यांना चाटून जाण्याचा अवकाश, सूक्ष्म बाण सुटतो, आणि शिकार तोंडाकडे ओढली जाते. आदल्या दिवशी खिडकीशी पाहिलेली ती अंड्यांच्या पिशव्यांची लेकुरवाळी येथे कोणाचे तरी जेवण झाली असती.

आणि प्रवाळ स्वतःही केव्हातरी प्लवक असतो. त्याची पिल्ले तिळाहून लहान असतात. काही दिवस प्रवाहाबरोबर भटकतात, मग कठीण, स्वच्छ जागा पाहून चिकटतात आणि पहिले चक्र बांधायला घेतात. जागेवर गाळाचा पातळ थर असला तरी ती नाकारतात. बसलेल्या प्रवाळाला गाळ सोसवतो, बसू पाहणाऱ्याला नाही. तिवरांनी अडविलेल्या गाळाचे मोल म्हणूनच मोठे. या किनाऱ्यावर जळणासाठी आणि चाऱ्यासाठी तिवरे पुष्कळ तुटली. सिमेंटासाठी आखातातील चुनखडीची वाळू विसाव्या शतकात अनेक वर्षे उपसली गेली. ती वाळू म्हणजे दळलेले प्रवाळ आणि शिंपलेच. काय गेले, हे त्या सकाळी आमच्या पायाखालीच दिसत होते. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे तुकडे जागोजाग पडलेले, सगळे मेलेले. शाखाप्रवाळ येथे एके काळी वाढत होते त्याची ही हाडे. मिठापूरच्या खडकावर लक्षद्वीपहून शाखाप्रवाळाची रोपे आणून लावण्याचा प्रयत्न या शतकात झालेला आहे. सासरी आलेल्या त्या रोपांना तेथले पाणी मानवो.

या आखाताच्या तोंडावरील प्रवाळभूमीची पहिली शास्त्रीय पाहणी आपल्या बडोदे संस्थानाने करविली होती, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९०५-०६ मध्ये महाराजा सयाजीरावांच्या सरकारसाठी जेम्स हॉर्नेल हे सागरी जीवशास्त्रज्ञ ओखामंडळात आले. हेतू व्यवहाराचा होता, ते लपविण्याचे कारण नाही. मोत्यांची कालवे आणि शंख यांपासून संस्थानास काय उत्पन्न होईल, हे पाहायचे होते. परंतु हॉर्नेल यांनी तेवढ्यावर थांबण्याऐवजी मिळेल तो जीव गोळा केला आणि निरनिराळ्या तज्ज्ञांकडे पाठविला. स्पंजांवर आर्थर डेंडी यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने लिहिले. या सर्वांचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला, आणि ओखामंडळाचे नाव जगातल्या सागरी ग्रंथालयांत गेले. अप्पांनी त्याच्या काही पानांच्या छायाप्रती बरोबर आणल्या होत्या. समुद्रापासून दूर असलेल्या राजधानीतून एका संस्थानिकाने आपल्या पाण्यात काय आहे याची यादी मागवावी, ही गोष्ट आम्हांस आजही मोठी वाटते. यादी असल्याखेरीज काय हरवले हे कळायचे कसे?

१९९८ साली हिंदी महासागराचे पाणी विलक्षण तापले. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या भाडेकरू शैवलास बाहेर काढते, आणि शैवलाबरोबर रंगही जातो. उरतो पांढराफटक सापळा आणि वर पारदर्शक, उपाशी कातडी. पाणी लवकर निवले तर भाडेकरू परततात, नाही तर वसाहत मरते. त्या वर्षी रोहन आर्थर यांनी भारतातील तीन ठिकाणी पाहणी केली. लक्षद्वीपात सरासरी ८२ टक्के आणि मन्नारच्या आखातात ८९ टक्के प्रवाळ पांढरे पडलेले आढळले; कच्छच्या आखातात अवघे ११ टक्के, आणि त्यामुळे मेलेले असे जवळजवळ नाहीच. सुंदर, नितळ पाण्यातली प्रवाळे कोलमडली आणि चहासारख्या पाण्यातली तगली. थंडी-उन्हाचे टोकाचे फेरे सोसून येथील प्रवाळ कणखर झाले असावे, गढूळपणाने कडक उन्हापासून सावली दिली असावी, आणि शेती बुडाली तरी शिकार हाताशी होती, असे तर्क शास्त्रज्ञ करतात. आम्हांला यांतला तिसरा तर्क विशेष पटतो. तथापि हे अभयपत्र नव्हे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट जाहीर झाली. कणखरपणाला कोठे तरी मर्यादा असतेच.

शिकारीचे अन्नही पालटू लागले आहे, ही त्याहून अलीकडची चिंता. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथूनच पुढे अमेरिकेत गेलेले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ साली सहकाऱ्यांसह असे दाखविले, की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी करंडकांचा बहर येई, त्याची जागा आता नॉक्टिल्यूका हा हिरवा, रात्री चमकणारा प्लवक घेत आहे. करंडके हे अरित्रपादांचे आवडते खाद्य. नॉक्टिल्यूका त्यांना मोठा पडतो, त्यावर जेलीफिशसारख्यांचे फावते. ही गोष्ट बाहेरच्या समुद्राची आहे, आखाताची नव्हे. परंतु भरती आणते ते बाहेरूनच.

परतताना वाटाड्याने एका कपारीतला अष्टपाद दाखविला. तो आमच्या देखत खडकाच्या रंगाचा झाला आणि दिसेनासा झाला. गालिच्याएवढे एक समुद्रपुष्प पाहिले, समुद्रकाकड्या तर कितीतरी. थोड्या अंतरावर दुसरी एक मंडळी होती. त्यांच्यातील कोणी केंड मासा हातात धरून उचलला होता. तो भयाने फुग्यासारखा फुगला आणि सर्वांनी त्याची छायाचित्रे घेतली. आमचा वाटाड्या तिकडे पाहून मान हलवीत म्हणाला, "काका, एने बहु तकलीफ थाय." मावशींनी मोठ्या आवाजात त्या मंडळींना मासा सोडावयास सांगितले. मावशींच्या आवाजापुढे कोणाचे चालत नाही, सोडला.

लोकांनी येथे यावे की येऊ नये, यावर परतीच्या वाटेवर आमच्यात मतभेद झाला. अप्पांचे म्हणणे, न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोणी भांडत नाही. त्यांच्या एकूण एक विद्यार्थ्यांना पुस्तकातला प्रवाळ पाठ होता. ज्यांनी तो डबक्यात पाहिला तेवढेच पुढे त्याच्या मागे लागले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, पन्नास वर्षे वाढलेल्या गोळ्यावर एक बूट पडला की हिशेब संपला, आणि सुटीच्या दिवशी तेथे शेकड्यांनी बूट येतात. दोघांचेही खरे आहे. आमचा कौल येणाऱ्यांची संख्या रोज मोजून ठरविण्याकडे, आणि चालण्याची वाट एकच, खुणा करून आखण्याकडे पडतो. २००१ पासून दगडी प्रवाळास वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. वाघाच्या पाठीवर पाय देऊन कोणी चालत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी कार्तिक ते फाल्गुन या काळात, पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर दोन-तीन दिवसांत जावे, आणि त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ वनखात्याकडे आधी विचारून घ्यावी, कारण ती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जाड तळव्याचे, बंद बूट आवश्यक. चपलांनी जाऊ नये, वाळूची जागा असेल तेथेच पाऊल टाकावे. तेथून शिंपलादेखील उचलण्यास मनाई आहे. गुडघ्यापर्यंत कपडे भिजतात, तेव्हा दुसरा जोड गाडीत ठेवावा. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नये; सावली फक्त तिवरांपाशी मिळते. मावशींनी पुढल्या माघाची तिथी आताच काढून ठेवली आहे.